नातेवाईकाचा रकाना

प्रति,
वाढदिवस, पुण्यतिथी आणि सणावाराला आश्रमात येणारे
हदगाव तालुक्यातले सर्व दाते बंधू-भगिनी



गेल्या श्रावणात एका आजींना घेऊन मी नांदेडला गेलो होतो. न्हाणीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हदगाव सोडल्यापासून वारंगा फाट्यापर्यंत आणि तिथून अर्धापूरपर्यंत गाडीच्या प्रत्येक धक्क्याला त्या ‘माय गं’ म्हणायच्या आणि लगोलग मलाच धीर द्यायच्या, ‘काही नाही गुरुजी, चालू द्या.’ दवाखान्यात ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढे आला. खाली दोन रकाने होते : नातेवाईकाचे नाव आणि रुग्णाशी नाते. पहिल्यात मी माझं नाव लिहिलं. दुसऱ्यात ‘ओळखीचे’ लिहिलं, तर कागद परत आला. ‘संस्थेचे’ लिहिलं, तरी परत आला. आजी स्ट्रेचरवर डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, ‘भाऊ लिवा, गुरुजी. मला भाऊ नव्हताच.’

मी भाऊ लिहिलं.

पुढचे अकरा दिवस मी आणि आश्रमातल्या एक मावशी आळीपाळीने त्यांच्या उशाशी होतो. त्याच अकरा दिवसांत इकडे आश्रमात चार वाढदिवस आणि एक पुण्यतिथी झाली. बुंदी आली, केळी आली, बिस्किटांचे पुडे आले. दवाखान्यात एक रात्र बसायला मात्र तिसरं माणूस मिळालं नाही. त्या बाकावर बसल्या बसल्या मी मनातल्या मनात तुम्हाला हे पत्र लिहीत होतो. ते आज कागदावर उतरवतो आहे.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. तुमच्यापैकी काहींना मी शिकवलंही असेल. निवृत्तीनंतर आठवड्यातले दोन-तीन दिवस हदगावजवळच्या एका आश्रमात जातो. तिथे ज्यांचं कुणी नाही अशी दिव्यांग मुलं आहेत आणि ज्यांना कुणीतरी असूनही इथे यावं लागलं अशी म्हातारी माणसं आहेत. मी विश्वस्त नाही, पगारी नाही. कागदपत्रं करतो, मास्तर माणसाला तेवढंच येतं. आश्रमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र पावतीपुस्तकासाठी नाही. शिवाय इथे सांगतो ते एकाच आश्रमाचं दुखणं आहे असंही नाही.

आधी तुमचे आभार मानतो आणि ते मनापासून मानतो. आपला तालुका श्रीमंत नाही. सोयाबीन, कापूस, हळद यांच्या भावावर आपलं वर्ष ठरतं. तरीही घरात बाळ जन्मलं की, वडील गेले की, तुम्हाला आश्रमाची आठवण होते. तुमच्या धान्यावर इथली चूल पेटली आहे, हे मी कधी विसरणार नाही. म्हणूनच मोकळेपणाने बोलतो आहे.

पहिली गोष्ट तारखांची. १५ ऑगस्टला, दिवाळीत, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आमच्याकडे एका दिवशी तीन-तीन जेवणं येतात. सकाळी शिरा, दुपारी पुरी-भाजी, संध्याकाळी पुन्हा जिलेबी. जून-जुलैत सगळा तालुका पेरणीत असतो आणि नेमकी तेव्हाच कोठीतली ज्वारी तळाला गेलेली असते. तेव्हा फाटकाशी कुणी येत नाही. माझी विनंती एवढीच की वाढदिवस फेब्रुवारीत असला तरी त्याचं दान आषाढात द्या. आधी फोन करून ‘काय संपलं आहे?’ असं विचारा. उत्तर ऐकायला बरं वाटणार नाही : मोठ्या माणसांचे डायपर, मेणकापड, फिनाईल, अंगाचा साबण, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लागणारी हवेची गादी आणि फिटच्या गोळ्या. डायपरचं पाकीट देताना कुणाला फोटो काढावासा वाटत नाही, हे मी समजू शकतो. पण झटके येणाऱ्या मुलाची गोळी चुकली की त्याची पुढची रात्र कशी जाते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं माणूस बुंदीऐवजी गोळ्याच आणतं.

आता जेवणाबद्दल, कारण इथे एकदा जिवावर बेतलं होतं.

आमच्याकडे एक मुलगा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे त्याचे स्नायू त्याचं ऐकत नाहीत. वय पंधराच्या आसपास, वजन आठ-नऊ वर्षांच्या पोराएवढं. त्याला भरवणं हे आमच्या मावशींचं काम. त्या आधी भिंतीला टेकून बसतात आणि त्याला आपल्या दोन गुडघ्यांमध्ये ताठ बसवतात. भाकरीचा मऊ भाग वरणात कुस्करतात, बोटांनी गुठळी शोधतात, असलीच तर काढून टाकतात. मग चमच्याच्या टोकावर येईल एवढाच घास. डाव्या हाताने हनुवटी खालून धरायची, घास जिभेच्या मधोमध ठेवायचा आणि थांबायचं. त्याच्या गळ्यातली घाटी वर जाऊन खाली आली की पुढचा घास. एका वेळच्या जेवणाला पाऊण तास लागतो. मावशी तेवढा वेळ त्याच्याशी काहीबाही बोलत असतात. गाय व्याली, पाऊस आला, तुझा सदरा वाळला. तो हसतो तेव्हा मात्र घास द्यायचा नाही, हेही त्यांना ठाऊक आहे.

एकदा वाढदिवसाला आलेल्या एका दादांनी प्रेमाने त्याच्या तोंडात केकचा मोठा तुकडा घातला. तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे गेला. मुलगा निळा पडला. मावशींनी त्याला पालथा घेऊन पाठीवर थापट्या मारल्या म्हणून तो वाचला, पण छातीत कफ भरून पुढचे पंधरा दिवस तो तापात होता. त्या दादांचा हेतू वाईट नव्हता. ते स्वतः रडत होते. तेव्हापासून मी फाटकाशीच सांगतो : मुलांना स्वतःच्या हाताने भरवू नका, मधुमेह असलेल्या आजोबांच्या हातात कुणाचं लक्ष नसताना पेढा ठेवू नका. भरवायचंच असेल तर मावशींच्या शेजारी पाऊण तास बसा. त्या शिकवतील.

फोटोंबद्दलही बोललं पाहिजे. आमच्याकडे एक आजी आहेत. कुणी मोबाइल वर केला की त्या पदर पुढे ओढतात. लोकांना वाटतं, लाजतात. त्यांनी आपल्या गावी सांगून ठेवलं आहे की त्या पुण्याला लेकीकडे राहतात. ‘फोटो गावात गेला तर माझ्या लेकाची इज्जत जाईल, गुरुजी.’ ज्या लेकाने सोडलं त्याची इज्जत ही माय पदराने झाकते आहे आणि आपण तिला पदर बाजूला करायला सांगतो. मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, फोटो, ओळख कुठल्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या फोटोत मूल केक हातात घेऊन हसताना दिसलं, म्हणून ते कलम लागायचं थांबत नाही. कृपा करून मोबाइल खिशात ठेवा.

आणि म्हाताऱ्या माणसांना ‘मुलं किती तुम्हाला? मग इथं कसं काय?’ हा प्रश्न विचारू नका. तुम्ही उत्तर ऐकून अर्ध्या तासात निघून जाता. विचारलेला माणूस त्या रात्री जेवत नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला अवघड जातं आहे. कार्यक्रम संपतो, मंडळी गाडीत बसतात आणि त्यातला एखादा परत येऊन हळूच मला बाजूला घेतो. ‘गुरुजी, एक विचारायचं होतं. आमच्या आईसाठी इथं जागा होईल का?’ असं विचारणारे एक-दोन नाहीत. त्यांना मी रागावत नाही. दोन एकर शेती, तीन भाऊ, एक पुण्याला, एक हैदराबादला, घरात अंथरुणाला खिळलेली आई किंवा रात्री-अपरात्री दार उघडून चालायला लागणारे, स्वतःचं नावही न आठवणारे वडील. नवरा-बायको दोघंही रोजंदारीला जात असतील तर ते काय करतील? आपल्या गावांमध्ये अशा माणसाला दिवसा सांभाळेल अशी एकही सोय आपण उभी केलेली नाही. त्यामुळे न्याय करायला मी बसत नाही.

पण जे करायचं ते उजेडात करा, एवढं हात जोडून सांगतो. एस.टी. स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, यात्रेच्या गर्दीत ‘इथंच बस, आलोच’ म्हणून माणसाला सोडू नका. असं सोडलेलं माणूस आमच्याकडे येतं तेव्हा त्याच्याजवळ आधार कार्ड नसतं, बँकेचं पासबुक नसतं, चालू औषधांची चिठ्ठी नसते. बीपीची गोळी कोणती, कशाची ॲलर्जी आहे, काहीच कळत नाही. आणि ते माणूस महिनोन्‌महिने फाटकाकडे तोंड करून बसतं. ‘येतो म्हणून गेलता,’ एवढंच सांगतं. आणायचं असेल तर घेऊन या, खरं नाव आणि खरा नंबर द्या, कागद द्या, महिन्यातून एकदा भेटायला या. तुम्ही आलात तर आम्ही तुम्हाला काही बोलणार नाही. चहा पाजू.

ज्यांना सांभाळणं शक्य असूनही जे सांभाळत नाहीत, त्यांच्यासाठी २००७ सालचा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा आहे. तो आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून सविस्तर सांगतो. निर्वाहासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. वकील लागत नाही. अर्ज साधारण ९० दिवसांत निकाली निघायला हवा आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा आदेश होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर शेत किंवा घर मुलाच्या नावावर करून दिलं असेल आणि तो सांभाळत नसेल, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द ठरवता येतं. म्हाताऱ्या माणसाला सोडून देणं हा गुन्हा आहे. कलम २४ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मूल नसलेल्या माणसाची मालमत्ता ज्याला मिळणार आहे, त्या नातेवाईकावरही सांभाळण्याची जबाबदारी येते.

मी हे सगळं आश्रमातल्या आजी-आजोबांना समजावून सांगितलं आहे. एकानेही अर्जावर अंगठा उठवला नाही. ‘लेकावर केस करू का, गुरुजी?’ असं म्हणून ते मलाच गप्प करतात. म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या भावकीत, गल्लीत असं कुणी असेल तर त्या म्हाताऱ्या माणसाने अर्ज करायची वाट बघू नका. त्याच्या संमतीने दुसऱ्याला किंवा संस्थेला अर्ज करता येतो आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. त्याआधी चार शहाण्या माणसांनी त्या घरी जाऊन बसणं तुमच्या हातात आहे. आश्रमात पंगत घालण्याइतकंच ते पुण्याचं काम आहे आणि त्याने एक माणूस स्वतःच्या घरात राहील. याच कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम सरकारने उभारावा, अशी तरतूद आहे. तुमच्यातले जे पुढाऱ्यांच्या सोबत येतात, त्यांनी पुढच्या वेळी हार घालताना हे कलम त्यांच्या कानावर घालावं.

मुलांचा प्रश्न याहून मोठा आहे. केकचा घास अडकलेल्या आमच्या त्या मुलाला अठरा पूर्ण व्हायला आता तीनच वर्षं उरली आहेत. कायद्याने बालगृह अठरा वर्षांपर्यंत. त्यापुढे एकविसाव्या, अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहानंतरच्या सांभाळाची सोय आहे आणि तीही मूल या काळात काही काम शिकून स्वतःच्या पायावर उभं राहील असं धरून केलेली आहे. ज्याला घास गिळायला पाऊण तास लागतो, त्याने अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कुठे जायचं?

हा प्रश्न ज्यांनी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने विचारला, त्या शंकरबाबा पापळकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात वझ्झर इथे त्यांचं अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचं बालगृह आहे. रेल्वे स्टेशनं, बसस्थानकं, कचराकुंड्या अशा ठिकाणी सापडलेली १२३ दिव्यांग मुलं त्यांनी वाढवली आणि अठरा झाल्यावरही त्यांना बाहेर काढलं नाही. त्या मुलांच्या आधार कार्डावर वडील म्हणून शंकरबाबांचंच नाव आहे. जळगावच्या रेल्वे स्टेशनवर सापडलेली, दृष्टी नसलेली माला पापळकर त्याच घरात वाढली, शिकली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली. अठरा वर्षांवरच्या बेवारस दिव्यांगांना आयुष्यभर आसरा मिळावा असा कायदा करा, ही त्यांची मागणी पुरस्काराच्या आधीही होती आणि पुरस्कार मिळाल्यावरही ते तेच मागत राहिले.

आमच्या आश्रमात मी शंकरबाबांचं नाव घेतो ते त्या एका रकान्यासाठी. वडिलांचे नाव. शाळेचा दाखला, आधार, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, बँकेचं खातं, कुठलाही फॉर्म घ्या, दुसऱ्या ओळीला हा रकाना येतो. मी चौतीस वर्षं शाळेच्या प्रवेश निर्गम नोंदवहीत तो भरला. त्यात लिहायला काही नाही म्हणजे काय, हे मला आश्रमात आल्यावर समजलं.

तुम्ही शंकरबाबा व्हा असं मी म्हणत नाही. तेवढं माझ्याच्यानेही झालं नाही. पण केक कापून निघून जाणं आणि शंकरबाबा होणं या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. अठरा वर्षांवरच्या अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती करते. नोंदणीकृत संस्था अर्ज करून एखाद्या भल्या माणसाचं नाव पालक म्हणून सुचवू शकते. त्या माणसाने मुलाला घरी न्यायलाच पाहिजे असं नसतं. त्याच्या सह्या, त्याचा पैसा, त्याचे उपचार यावर लक्ष ठेवायचं असतं. याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्यविम्याचं संरक्षण मिळतं. सुशिक्षित, स्थिर घरातली दहा माणसं या तालुक्यातून पालक म्हणून पुढे आली, तर आमच्या दहा मुलांच्या कागदावर एक नाव येईल.

अशी पुढे येणारी माणसं शेजारच्या लातूरकडे तुम्ही पाहिली असतीलच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा ज्या मुलांचं कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी सगळा महाराष्ट्र धावला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं पुण्याला नेऊन शिकवली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आपलं घर’ उभं केलं. लातूरजवळच्या हरंगुळला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘संवेदना’ प्रकल्प चालतो, हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ उभं केलं. मराठवाड्याला माणुसकी शिकवावी लागत नाही, हे मला म्हणायचं आहे. भूकंपाच्या वेळी आपण धावतो. एकेक करून, आवाज न होता सोडलेल्या माणसांकडे मात्र आपण तारीख पाहून जातो.

थोडं रोजच्या कामाचं सांगतो, कारण तुमची गरज तिथेच आहे. श्रावणबाळ योजनेत पासष्टच्या वरच्या निराधार माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांगांचं अनुदान आता २,५०० झालं आहे. हे पैसे थेट खात्यात येतात, त्यासाठी आधार खात्याला जोडलेलं लागतं आणि दरवर्षी हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. सत्तर वर्षं खुरपं धरलेल्या बाईच्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही. ज्या मुलाच्या मुठी उघडत नाहीत आणि नजर एका जागी ठरत नाही, त्याचे ठसे घ्यायचे कसे? नियमात अशांसाठी सवलत आहे, पण ती मिळवायला माणसाला उचलून केंद्रावर न्यावं लागतं, तिथल्या मुलाला नियम दाखवावा लागतो, आज मशीन बंद आहे म्हटलं तर परवा पुन्हा न्यावं लागतं. एका फेरीला एक गाडी आणि उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या दारात बोलेरो उभी आहे. महिन्यातला एक दिवस ती आणि तुमचे दोन हात आम्हाला द्या.

तुमच्यात सरपंच आहेत, नगरसेवक आहेत. ग्रामपंचायतीने, नगरपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्हालाही प्रश्न विचारा. देणगी दिली आणि हात जोडून निघालात, एवढ्यावर थांबू नका. नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. बाल कल्याण समितीची मागची भेट कधी झाली, ते विचारा. संडास बघा, मुलींच्या खोलीची कडी आतून लागते का ते बघा, कुणाच्या पाठीला जखम आहे का ते मावशींना विचारा. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात कुपोषणाने मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तिथेही कुणीतरी फळं वाटायला येत असेलच. आलेल्या माणसाने एकदा आत जाऊन ताट पाहिलं असतं तर, असं माझ्या मनात सारखं येतं. जो आश्रम तुम्हाला आत जाऊ देत नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका. यात आमचा आश्रमही आला.

शेवटची गोष्ट मृत्यूची. मागच्या हिवाळ्यात एक आजोबा गेले. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, ‘तुम्हीच करून टाका, व्हिडिओ पाठवा.’ पहाटेची वेळ होती. ड्रायव्हर, मी आणि पलीकडच्या आखाड्यावरचा सालगडी असे तिघंच होतो. चौथा खांदा मिळेना. शेवटी आश्रमातलाच मोठा झालेला एक मुलगा पुढे आला. त्याला बोलता येत नाही. आजोबा त्याला रोज संध्याकाळी आपल्या ताटातली अर्धी भाकरी द्यायचे. त्याने खांदा दिला आणि नदीपर्यंत बदलू दिला नाही. त्याच आजोबांच्या हातून मागच्या वर्षी पंचवीस-तीस जणांनी केक कापून घेतला होता. त्यांतल्या कुणालाही कळवावं, असा एकही नंबर आमच्या वहीत नव्हता. आता मी त्यासाठी एक नवी वही घातली आहे. ‘निरोप कुणाला द्यावा’ असं तिच्यावर लिहिलं आहे. आश्रमातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक ओळ मोकळी ठेवली आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा केक नाही आणलात तरी चालेल. कुणातरी एकाच्या पुढे आपलं नाव आणि नंबर लिहून जा, आणि फोन आला तर या.

खुब्याचं हाड मोडलेल्या त्या आजी आता वॉकर धरून वऱ्हांड्यात चालतात. येत्या बुधवारी त्यांना तपासणीला नांदेडला न्यायचं आहे आणि वाटेत दोघांचे हयातीचे दाखले तहसीलमध्ये द्यायचे आहेत. गाडी सकाळी आठला हदगावच्या बसस्थानकासमोरून निघेल. पुढच्या सीटवर एका माणसाची जागा मोकळी आहे.



आपला,
एक निवृत्त शिक्षक
हदगाव, जि. नांदेड